प्रेमपटाला संध्याकाळचा खेळ द्या

महोदय,

प्रेमपटांचा प्रेक्षक संपला, आता थिएटरात चालतो तो फक्त भव्य मारधाडपट, हे विधान चित्रपटव्यवसायाच्या बातम्यांत इतक्या वेळा येते की ते सिद्ध झाल्यासारखे वाटू लागले आहे. मला ते मान्य नाही. प्रेमपट पडतात हे खरे. पण त्यातले बरेच चुकीच्या वेळी, चुकीच्या स्क्रीनवर आणि चुकीच्या आवाजात दाखवल्यामुळे पडतात. आणि ज्यांच्यासाठी त्यांना बाजूला सारले जाते, ते मारधाडपटही मुंबईतल्या अनेक स्क्रीनवर धड दिसत नाहीत.

‘सनम तेरी कसम’ हा चित्रपट फेब्रुवारी २०१६ मध्ये लागला आणि पडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच पुन्हा लागला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक गल्ला जमवला. चित्रपट तोच, कलाकार तेच. मधल्या काळात तो आणि त्याची गाणी लोकांपर्यंत पोहोचली होती, एवढाच फरक. प्रेमपटाची जाहिरात एक प्रेक्षक दुसऱ्याला सांगून करतो आणि त्याला वेळ लागतो. मारधाडपटाचा धंदा उलटा असतो. स्टारचे नाव, ट्रेलर आणि सुट्टीचा मुहूर्त यांवर पहिले तीन दिवस भरतात, सोमवारी खरे काय ते कळते. दोघांना एकच फूटपट्टी लावून शुक्रवार ते रविवारच्या गल्ल्यावर निकाल दिला की प्रेमपट हरणारच. (मुंबईच्या मराठा मंदिर थिएटरात ऑक्टोबर १९९५ पासून सुरू असलेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा दाखला इथे देऊ नये. ती आता परंपरा आहे, त्यावरून आजच्या व्यवहाराचा हिशेब निघत नाही.)

आधी आवाजाबद्दल लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होते. थिएटरच्या साउंड प्रोसेसरवर फेडर नावाचा आकडा असतो. प्रमाण पातळी ७. चित्रपटाचे अंतिम ध्वनिमिश्रण याच पातळीला ऐकून केलेले असते. ४ ते १० या पट्ट्यात फेडर एक अंकाने खाली आणला की आवाज सुमारे ३.३ डेसिबलने उतरतो. म्हणजे ७ वरून ४ वर आला की १० डेसिबल गेले आणि कानाला आवाज जवळपास निम्मा झाला. आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. मारधाडपटात पार्श्वसंगीत, स्फोट आणि गाड्या सतत वरच्या पट्टीत असतात. प्रेक्षक तक्रार करतात, ड्युटी मॅनेजर फेडर साडेचारवर आणतो. प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये आता बहुतेक ठिकाणी माणूस बसत नाही, खेळ सर्व्हरवरच्या वेळापत्रकाने आपोआप सुरू होतात. त्यामुळे पुढच्या खेळाला त्याच स्क्रीनवर प्रेमपट लागला, तरी फेडर साडेचारवरच राहतो. नायिका हळू आवाजात काही बोलते आणि ते एसीच्या घरघरीत विरते. प्रेक्षक बाहेर येऊन म्हणतो, चित्रपट संथ होता.

याने मारधाडपटाचेही भले होत नाही. फेडर सगळेच एकत्र खाली आणतो. संवाद पार्श्वसंगीताखाली दबले असतील, तर आवाज उतरवूनही ते दबलेलेच राहतात. ती चूक मिश्रणातली आहे आणि ती मिश्रणाच्या टेबलावरच सुधारावी लागते.

दुसरी गोष्ट भिंतीची. सबवूफरचा, म्हणजे खोल आवाजाच्या स्पीकरचा, आवाज साधारण १२० हर्ट्झच्या खालचा असतो. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटर भरते. ती जिप्समच्या हलक्या भिंतीने अडत नाही. शेजारच्या स्क्रीनवर इमारत कोसळली की इकडच्या खुर्चीचा हात थरथरतो. ‘सैराट’चा शेवट आठवा. लहान मूल रडत घराबाहेर पडते, त्याची रक्ताने भरलेली पावले उमटत जातात, आणि तिथे दिग्दर्शकाने आवाजच काढून घेतला आहे. अशा जागी शेजारून धडधड आली, तर त्या दृश्यातले काहीही उरत नाही. मल्टिप्लेक्समध्ये कोणता चित्रपट कोणत्या स्क्रीनवर लावायचा, हे बहुतेक आसनसंख्या पाहून ठरते. भिंत कोणाशी सामाईक आहे, हेही पाहायला हवे. टोकाची स्क्रीन प्रेमपटाला द्यावी, किंवा त्याच्या शेजारी विनोदी वा कौटुंबिक चित्रपट ठेवावा. याला एक पैसाही लागत नाही.

प्रकाशाची हेळसांड मारधाडपटाला अधिक भोवते. डिजिटल प्रक्षेपणात पडद्याच्या मध्यभागी पांढऱ्या प्रकाशाची पातळी १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचे एकक) असावी, असे मानक आहे. प्रोजेक्टरमधला झेनॉन दिवा जुना होत जातो तसा त्याचा प्रकाश घटतो; तो वेळेवर बदलला नाही, केबिनच्या काचेवर धूळ बसली, की ही पातळी सहज खाली जाते. थ्रीडीचा चष्मा लावला की मूळ प्रकाशाचा बराचसा भाग तिथेच जातो. ४ ते ५ फूट-लॅम्बर्ट मिळाले तरी नशीब. आणि हल्लीच्या मारधाडपटांतली मोठी दृश्ये कुठे घडतात? रात्री, पावसात, गोदामात, बोगद्यात. ज्या दृश्यावर कोट्यवधी खर्च झाले, त्यात कोण कोणाला मारतो हेच दिसत नाही. थ्रीडीसाठी काही ठिकाणी चंदेरी पडदा बसवलेला असतो. त्यावर साधा टूडी चित्रपट दाखवला तर मधला भाग भगभगीत आणि कडा मंद दिसतात. कडेच्या खुर्चीवर बसणाऱ्याने तेवढेच पैसे मोजलेले असतात.

प्रेक्षकाला हे तपासता येते. चित्रपटाआधी सेन्सॉर प्रमाणपत्र दिसते, तेव्हा त्यावरची बारीक अक्षरे चारही कोपऱ्यांत वाचता येतात का ते पाहावे. मध्ये स्पष्ट आणि कोपऱ्यात पुसट असतील, तर फोकस बिघडला आहे. पहिला संवाद पडद्याच्या मधून आला पाहिजे. बाजूच्या भिंतीतून येत असेल किंवा खोल विहिरीतून आल्यासारखा वाटत असेल, तर मधला स्पीकर बंद आहे. तक्रार पहिल्या दहा मिनिटांत करावी, मध्यंतरानंतर कोणी हलत नाही. ‘आवाज कमी आहे’ एवढेच सांगू नये. ‘फेडर किती वर आहे, तो ७ ला का नाही’ असे विचारावे. नेमका प्रश्न आला की तंत्रज्ञाला बोलावणे भाग पडते. आवाज जुळवताना मोजमाप साधारणपणे पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावर, रांगेच्या मध्याच्या आसपास घेतात. बुकिंग करताना तिथली खुर्ची मिळाली तर घ्यावी.

आता खुद्द चित्रपटांबद्दल, कारण सगळा दोष थिएटरांचा नाही.

चांगले मारधाडीचे दृश्य पैशापेक्षा जागेच्या जाणिवेवर उभे राहते. दार कुठे आहे, शत्रू किती, नायकाच्या हातात काय आहे, बाहेर पडायची वाट कोणती, हे पहिल्या एक-दोन दूरच्या शॉटमध्ये कळले की पुढचा प्रत्येक ठोसा लागतो. ‘शोले’तला आगगाडीवरचा हल्ला आज पन्नास वर्षांनीही पाहवतो, कारण कोण कोणत्या डब्यावर आहे आणि घोडे कोणत्या बाजूने येत आहेत, हे क्षणभरही सुटत नाही. हल्ली कॅमेरा हलवून आणि सेकंदाला एक कट मारून कच्ची हाणामारी झाकली जाते. व्हीएफएक्समधली, म्हणजे संगणकावर रचलेल्या दृश्यांतली, खोट तर वजनात असते. गाडी उडून खाली आदळते, पण तिचे सस्पेन्शन दबत नाही. टायर जमिनीला टेकतो तिथे सावली पडत नाही. नायकाच्या तोंडावर डावीकडून उजेड आणि मागच्या आगीचा उजेड उजवीकडून. डोळ्याला खोट लगेच कळते, नाव सांगता येत नाही इतकेच. यात दोष कारागिरांच्या कुवतीचा नाही. प्रदर्शनाची तारीख आधी जाहीर होते, शॉट शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलत राहतात, आणि रेंडर (संगणकावर अंतिम चित्र तयार होणे) पूर्ण व्हायच्या आत प्रिंट पाठवावी लागते.

त्याच ‘शोले’त बंदुकांच्या गोंगाटात एक जवळजवळ मुकी प्रेमकथा आहे. संध्याकाळी दिवे मालवत जाणारी विधवा आणि समोर बसून माउथ ऑर्गन वाजवणारा माणूस, दोघांत धड संवादही नाही. भव्यपट आणि प्रेमपट यांचे वैर असलेच पाहिजे, असे म्हणणाऱ्यांनी ती दृश्ये पुन्हा पाहावीत.

प्रेमपटांचे दोष वेगळे आहेत. दोघांच्या तारखा जुळल्या नाहीत की एकाचे क्लोजअप एका महिन्यात, दुसऱ्याचे दुसऱ्या महिन्यात घेतले जातात. पाठमोरा दिसतो तो बदली माणूस. मग नजरेची रेषा थोडी चुकते. तो तिच्या डोळ्यांत पाहत नाही, कानाजवळ कुठेतरी पाहतो. प्रेमपटाला दोन्ही चेहरे एका चौकटीत आणि न कापलेले काही सेकंद हवे असतात. परदेशातल्या गाण्याने ती उणीव भरून निघत नाही. संवाद नंतर स्टुडिओत डब केले असतील, तर बोलण्याआधीचा श्वासही गेलेला असतो.

आणि अडथळा? पूर्वी चुकलेले पत्र, न लागलेला फोन यांवर अर्धा चित्रपट निघायचा. मोबाइलने ते संपवले. म्हणून लेखक आजार आणि अपघात आणतात. पण मुंबईत अडथळ्यांची वाण कुठे आहे? राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ १९७० साली आला. नव्या जोडप्याला चाळीतल्या भरल्या घरात एकांत नाही, एवढ्या गोष्टीवर तो उभा आहे. त्यावरून १९७२ मध्ये हिंदीत ‘पिया का घर’ निघाला. ही अडचण संपली आहे का? वरळी सी-फेसवर आणि मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसलेल्या जोड्यांकडे पाहावे. घराची पागडी, भाड्याचे डिपॉझिट, डोंबिवली ते अंधेरीचा प्रवास, आणि जात तर आहेच. यातून कितीतरी प्रेमकथा निघतील, आणि त्यांना शंभर कोटी लागणार नाहीत.

शेवटी पैशांचे, कारण थिएटरमालक तेच विचारतील. निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ मध्ये दोन महिने संप चालला, त्यानंतर ठरलेल्या सूत्रात निर्मात्याचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यात ३० टक्के होता. २०० रुपयांच्या तिकिटातून १८ टक्के जीएसटी वजा केला की साधारण १७० रुपये उरतात. या हिशेबाने पहिल्या आठवड्यात थिएटरच्या हाती त्यातले ८५ येतात, चौथ्यात ११९. म्हणजे चार आठवडे टिकणारा चित्रपट थिएटरच्याच फायद्याचा असतो, आणि टिकण्याची शक्यता प्रेमपटात अधिक. शिवाय पावणेतीन तासांच्या मारधाडपटाला जाहिराती, मध्यंतर आणि साफसफाई धरून साडेतीन तासांहून अधिक लागतात. सकाळी साडेनऊ ते रात्री साडेबारा या वेळात चारच खेळ बसतात. सव्वादोन तासांच्या प्रेमपटाचे जवळपास पाच बसतात. त्यापुढे आणखी एक लांबलचक खेळ लावला, तर तो सुटेपर्यंत शेवटची लोकल निघून गेलेली असते, ते वेगळेच.

तिकिटाबाबतही सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून महाग तिकिटावर १८. १२० रुपयांच्या तिकिटातून कर वजा जाता सुमारे १०२ रुपये उरतात, १०० रुपयांच्या तिकिटातून सुमारे ९५. प्रेक्षकाचे २० रुपये वाचतात आणि गल्ल्याचे जेमतेम साडेसहा जातात. सोमवार ते गुरुवार हा प्रयोग करायला हरकत नसावी.

मराठी प्रेमपटांची अवस्था याहून वाईट आहे. राज्य सरकारने २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइममध्ये दाखवायला सांगितले, पण प्राइम टाइमची व्याख्या दुपारी १२ ते रात्री ९ अशी ठरली. त्यामुळे मंगळवारी दुपारी साडेबाराचा खेळ दिला की कागदोपत्री नियम पाळला जातो. त्या वेळी कॉलेजची मुले वर्गात आणि नोकरदार कचेरीत असतात. आठ माणसे येतात, आणि त्या आठ माणसांचा आकडा दाखवून शुक्रवारी चित्रपट उतरवला जातो. सरकारने ही वेळ संध्याकाळी ६ ते ९ अशी करावी. मल्टिप्लेक्सनी प्रेमपटाला, मराठी असो वा हिंदी, दुसऱ्या आठवड्यात रोज निदान एका स्क्रीनवर सातच्या सुमाराचा खेळ ठेवावा, आणि त्या खेळापूर्वी कोणीतरी केबिनमध्ये जाऊन फेडर ७ वर आणावा.

आपला,
एक नियमित प्रेक्षक
दादर, मुंबई