संत्र्याच्या थंडीत आमची केळी गारठली

मा. संपादक साहेब, नमस्कार.

विदर्भात कोल्ड स्टोरेज वाढवा, वाढवा असं जो तो म्हणतो, वाढवा ना, पण जे आहेत त्यात मालाचं काय होते ते पण छापा एकदा.

मी अकोट तालुक्यातला केळीवाला. मार्चमध्ये भाव एकदम पडला, घड कापून झालेले आणि व्यापारी गाडी लावायला तयार नाही, म्हटलं चार-पाच दिवस कोल्डमध्ये टाकू. 60 कॅरेट नेले. तिथं मृग बहाराचा संत्रा भरला होता, त्याच रूममध्ये आमची केळी पण लावली. मुनीमला विचारलं टेम्परेचर किती, तर म्हणे सहा-सात आहे, मस्त गार, बिनधास्त झोपा. मलाही वाटलं जितकं गार तितकं चांगलं.

पाचव्या दिवशी माल बाहेर काढला तर हिरवागार, एक डाग नाही, मी खुश. पुढं रायपनिंग चेंबरला, म्हणजे केळी पिकवायच्या खोलीत, दिला आणि दोन दिवसांत साल राखेसारखी झाली, पिवळी होईचना. एक केळ हातात घेऊन साल ओढून पाहिली तर आतल्या बाजूनं तपकिरी रेघाच रेघा, गाभा कडक, आणि नख मारलं की एरवी जो चीक येतो तो पाण्यासारखा पातळ, तो पण नावाला. व्यापारी म्हणे माल कवळा कापला, कोल्डवाला म्हणे आमच्याकडं होता तोवर चांगला होता. आणि तो खोटं नव्हता बोलत हो, हे दुखणं थंडीत दिसतच नाही, माल गरमीत आला की मग बाहेर पडते. भाडं मात्र पूर्ण घेतलं.

आमचा भाचा कृषीचं शिकतो, त्यानं समजावून सांगितलं. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली कशी गोठून बसते, तसंच फळाच्या पेशीच्या पडद्यात स्निग्ध पदार्थ असतात, ते थंडीनं आकसतात, पडदा गळायला लागते आणि आतलं रसायन एकमेकांत मिसळून साल काळी पडते. केळी, आंबा, सीताफळ ही गरम मुलखातली फळं, यांना ती थंडी सोसतच नाही. केळीला 13-14 डिग्री पाहिजे, त्याच्या खाली नको. कच्च्या आंब्याला 12-13. नागपुरी संत्र्याला 6-7 चालते. आलू तर तीन-चारवर राहते. आता एकाच रूममध्ये हे सगळं कोंबलं तर कोणाचं तरी वाटोळं होणारच ना बाप्पा. घरी पण पाहा, पिकलेला आंबा फ्रीजमध्ये काही दिवस टिकते, पण कच्चा ठेवला तर नंतर धड पिकतच नाही.

अजून एक, आमचीही चूक आहे. आपण दुपारच्या उन्हात घड कापतो, तापलेले कॅरेट तसेच ट्रॉलीत उभे राहतात आणि मग सरळ कोल्डमध्ये. सकाळी लवकर कापा, सावलीत ठेवा, मग नीट हळूहळू गार करा. कॅरेटला आतून पन्नी लावली तर साल सुकत नाही आणि थंडीचा मार पण थोडा कमी बसते. रूमच्या हवेत ओल 90-95 टक्के पाहिजे. आणि पंख्याच्या तोंडासमोर केळी लावू नका, तिथं बोर्डावर दिसते त्याहून जास्त गार असते.

शासनाला माझं एवढंच म्हणणं आहे, फलोत्पादन अभियानातून कोल्ड स्टोरेजला 35 टक्क्यांपर्यंत अनुदान देता ना, मग निदान एक रूम केळी-आंब्यासाठी वेगळी सक्तीची करा आणि माल घेतल्याच्या पावतीवर रोजचं टेम्परेचर लिहून द्यायला लावा. पावतीवर आकडा असता तर त्या दिवशी मी भांडू शकलो असतो, नुसतं तोंडी सहा-सात म्हणून कोण ऐकते.

मी आता बाजारातून साधं थर्मामीटर आणलं आहे, माल टाकायचा असला की मधल्या कॅरेटमध्ये ठेवून देतो. मुनीम हसते. हसू द्या.

– एक केळी उत्पादक, ता. अकोट, जि. अकोला