टीबी चॅम्पियन ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

माझे एमडीआर टीबीचे, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे, अठरा महिन्यांचे उपचार गेल्या महिन्यात पूर्ण झाले. डॉक्टरांनी वेळोवेळी तपासले, सरकारी कार्यक्रमातून औषधे मोफत मिळाली, निक्षय पोषण योजनेचे आहारासाठीचे पैसेही खात्यात जमा होत राहिले, आणि या सर्वांचे ऋण मी मानते. परंतु चौथ्या महिन्यात गोळ्या सोडण्याच्या बेतात असलेली मी त्या घेत राहिले ते तुमच्यामुळे, स्वतः टीबीतून बऱ्या होऊन इतर रुग्णांना आधार देणाऱ्या टीबी चॅम्पियनमुळे, आणि हे चारचौघांना कळावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

त्या दिवसांत क्लोफाझिमिनमुळे माझा चेहरा काळवंडला होता, लिनेझोलिडमुळे तळपायांना मुंग्या येत होत्या आणि सायक्लोसेरिन सुरू झाल्यापासून मन इतके खचले होते की रात्री चाळीच्या गॅलरीत एकटीने उभे राहण्याची मला भीती वाटे. तपासणीच्या वेळी ‘काही त्रास?’ असे विचारले जाई, पण मागे रांग असे, आणि मी ‘नाही’ म्हणून निघून येई. तुम्ही घरी आलात, स्टुलावर बसलात आणि “रात्री कसले विचार येतात?” असे विचारलेत. अशा रात्री तुम्ही स्वतः काढल्या होत्या, म्हणूनच तो प्रश्न तुम्हांला सुचला. पूर्वीच्या उपचारातील कॅनामायसिनच्या इंजेक्शनांनी तुमचे ऐकणे बरेचसे नेले आहे; माझ्या ओठांवर नजर ठेवून तुम्ही माझे सगळे बोलणे ऐकून घेतलेत, दुसऱ्याच दिवशी मला डॉक्टरांकडे नेलेत, आणि माझ्याच्याने सांगवत नव्हते ते त्यांना नीट समजावलेत. डॉक्टरांनी सायक्लोसेरिन बदलले.

सासूबाईंनी माझे ताट वेगळे ठेवले होते. भांड्यांतून टीबी पसरत नाही, हे तुम्ही त्यांना सांगितलेत आणि माझ्याच कपातून चहा घेतलात.

औषधांनी ऐकणे गमावलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ मध्ये बेडाक्विलिन या एमडीआर टीबीवरील औषधाची मक्तेदारी लांबवणाऱ्या नव्या पेटंटच्या अर्जास हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला, हे मला तुमच्याकडूनच कळले. रुग्णांचे म्हणणे तेथे विचारात घेतले गेले, तसे ते उपचारांचे निर्णय होतात त्या प्रत्येक बैठकीत घेतले जावे, आणि तुमच्या कामाला प्रवासखर्चापुरते न ठेवता नियमित मानधन मिळावे, असे मला मनापासून वाटते. तुम्ही भोगून जे शिकलात ते ज्ञानच आहे.

ताई, आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरील एका मुलीचे उपचार नुकतेच सुरू झाले आहेत. ती कोणाशी बोलत नाही. मी तिच्याकडे जाऊन बसेन, परंतु पहिल्या वेळी तुम्ही माझ्यासोबत याल का?

आपली कृतज्ञ,
एक बरी झालेली रुग्ण