गाडीचा हीटर चालू झाला, सगळ्यांना थँक्यू!

गाडीचा हीटर नीट गरम होत नाही असं मी इथे विचारलं होतं, त्यावर ज्यांनी ज्यांनी डोकं लावलं त्या सगळ्यांचे मनापासून आभार, नावं कुणाकुणाची घेऊ. इकडे टोरोंटोत जानेवारीत हीटरमधून कोमट हवा म्हणजे शिक्षाच, त्यात इंजिनच्या टेम्परेचरचा काटा सिटीत कसाबसा वर यायचा आणि हायवेला लागलं की परत खाली. गॅरेजवाला थेट हीटर कोअर (डॅशबोर्डमागची, आतली हवा गरम करणारी जाळी) बदला म्हणत होता, म्हणजे अख्खा डॅशबोर्ड खोला, एवढ्या जुन्या गाडीला परवडतंय होय! तुमच्यातले एक दादा म्हणाले आधी थंड इंजिनवर कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) लेव्हल बघ, मग स्टार्ट करून, फॅनपासून लांब राहून, रेडिएटरच्या वरच्या होजला हात लाव. काटा हलायच्या आधीच होज कोमट! म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलेला, जो गाडीप्रमाणे साधारण 80-90 डिग्रीपर्यंत बंद राहायला पाहिजे. हीटरचे दोन्ही पाइप सारखेच कोमट होते, म्हणजे कोअर चोकअप नसावा हेही कळलं. मग काय, नवा थर्मोस्टॅट, नवं गॅस्केट, कूलंट, झालं काम. आणि हीटर फुल गरमवर ठेवूनच कूलंटमधली एअर काढ असं ज्या ताईंनी बजावलं त्यांना डबल थँक्यू. आता बायको गाडीत हातमोजे काढून बसते. इकडे आलात कुणी तर चहा माझ्याकडून.