पाचव्या कलमात राहिलेली फट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धविरामाच्या बातम्यांत ‘सैन्य मागे घेण्यास मान्यता’ एवढेच छापले जाते. कुठल्या रेषेपर्यंत, कोणत्या तारखेपर्यंत, हे सहसा नसते. ही फट किती महागात पडते, ते २००८ च्या रशिया-जॉर्जिया युद्धात दिसते.

७ ऑगस्टच्या रात्री जॉर्जियाने आपल्यापासून फुटून निघालेल्या दक्षिण ओसेतिया प्रदेशाच्या राजधानीवर, त्स्खिनवालीवर, तोफा आणि रॉकेटांचा मारा केला. रशियन फौजा रशिया आणि दक्षिण ओसेतियाला जोडणाऱ्या रोकी बोगद्यातून खाली उतरल्या आणि थेट जॉर्जियातल्या गोरी शहरापर्यंत आल्या. युरोपीय संघाच्या चौकशी अहवालाने (२००९) जॉर्जियाचा तो मारा बेकायदा ठरवला. त्याआधीची चिथावणी आणि नंतरची मर्यादेबाहेरची कारवाई यांबद्दल रशियालाही दोष दिला. यातले एकच वाक्य उचलून वाद घालणाऱ्यांनी दोन्ही वाचावीत.

१२ ऑगस्टला फ्रान्सचे तत्कालीन अध्यक्ष सार्कोझी यांच्या मध्यस्थीने युद्धविरामाची सहा कलमे ठरली. पाचवे असे: रशियन सैन्य युद्धापूर्वीच्या रेषेवर परतेल, मात्र आंतरराष्ट्रीय यंत्रणा येईपर्यंत रशियन शांतिसैनिक ‘अतिरिक्त सुरक्षा उपाय’ करतील. अंतर नाही, मुदत नाही, नकाशा नाही. त्या तीन शब्दांच्या आधारे गोरीच्या आसपास रशियन चौक्या ऑक्टोबरपर्यंत टिकल्या, त्याही ८ सप्टेंबरला पुन्हा वाटाघाटी कराव्या लागल्या तेव्हा उठल्या. दरम्यान २६ ऑगस्टला रशियाने दक्षिण ओसेतिया व जॉर्जियापासून फुटलेला दुसरा प्रदेश अबखाझिया यांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. या प्रदेशांतले रशियन सैन्य आता ‘स्वतंत्र देशांशी झालेल्या करारानुसार’ आहे, म्हणून माघारीचा प्रश्नच नाही, अशी रशियाची भूमिका झाली. दक्षिण ओसेतियातले, पण युद्धापूर्वी तिब्लिसीच्या (जॉर्जियाच्या राजधानीच्या) प्रशासनाखाली असलेले अखालगोरीही जॉर्जियाच्या हातचे गेले.

देखरेखीचेही तेच. संयुक्त राष्ट्रांचे आणि ओएससीईचे (युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेचे) निरीक्षक २००९ मध्ये निघून गेले. १ ऑक्टोबर २००८ पासून काम करणारे युरोपीय संघाचे निःशस्त्र निरीक्षक जॉर्जिया आणि हे दोन प्रदेश यांच्यातल्या रेषेच्या अलीकडे, जॉर्जियाच्या ताब्यातल्या बाजूलाच फिरतात; पलीकडे त्यांना प्रवेश नाही.

आणि दक्षिण ओसेतियाची ही रेषाही जागची हलते. आधी कुरणात हिरवी पाटी उभी राहते. मग नांगरून पट्टा काढला जातो, खांब येतात, तार येते, शेवटी कॅमेरा आणि टेहळणी मनोरा. खुरवालेती गावात हे कुंपण घरांच्या मधून गेले. जुलै २०१५ मध्ये ओर्चोसानीजवळ पाट्या पुढे सरकल्या आणि बाकू-सुप्सा तेलवाहिनीचा दीड किलोमीटरहून जास्त भाग पलीकडे गेला. गाय पलीकडे गेली आणि मालक तिच्यामागे गेला, की ‘सीमा ओलांडल्या’बद्दल अटक, दंड आणि मग सुटका. अशी प्रकरणे सोडवायला निरीक्षकांची हॉटलाइन आणि रेषेजवळच्या एर्गनेती गावात होणारी दोन्ही बाजूंची बैठक आहे. माणूस बऱ्याचदा सुटून येतो, पण खांब उपटला जात नाही.

म्हणून विनंती, की कुठल्याही युद्धविरामाची बातमी देताना मूळ कलमे छापावीत आणि चार प्रश्न विचारावेत: माघार कोणत्या रेषेपर्यंत, नकाशा कोणता, तारीख कोणती, आणि तपासणाऱ्याला दोन्ही बाजूंना जाता येईल का. अखालगोरीकडे ये-जा करण्याचा ओडझिसीचा नाका सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाला. ऑगस्ट २०२२ पासून तो उघडू लागला, तो महिन्याच्या २० ते ३० तारखेपुरताच. पेन्शन आणायची, डॉक्टर गाठायचा, नातेवाइकांना भेटायचे, ते त्या दिवसांत.

आपला,
एक वाचक