टेबलाखालचे गठ्ठे आधी हलवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची साफसफाई आली की नागपुरातल्या कार्यालयांतून रद्दीचे ठेले भरून निघतात. सिव्हिल लाइन्समधली सरकारी कार्यालये असोत की धंतोली-रामदासपेठेतली सीए आणि वकिलांची कार्यालये, पद्धत एकच: जुने कागद पोत्यात कोंबायचे, किलोच्या भावाने द्यायचे आणि मोकळे व्हायचे. त्या पोत्यांत आधारच्या झेरॉक्स असतात, पासबुकाची पहिली पाने असतात, पगारपत्रके आणि दवाखान्याची बिले असतात. उद्या त्याच कागदात कुणीतरी फुटाणे बांधून देतो, आणि ज्याचा खाते क्रमांक त्या पुडीवर आहे त्याला याचा पत्ताही नसतो.

पण वर्षभर हे कागद कुठे असतात? टेबलाखाली. पायांच्या जागेत गठ्ठे रचले की गुडघे आत जात नाहीत. मग माणूस खुर्ची मागे ओढतो किंवा तिरका बसतो. कंबर एकीकडे, मान पडद्याकडे. पाठ टेकत नाही, हात पुढे ताणलेले राहतात आणि संध्याकाळी खांदे भरून येतात. ज्या गठ्ठ्याला कुलूप नाही, तोच गठ्ठा कंबरही धरायला लावतो. म्हणून कागदांची सुरक्षा आणि कर्मचाऱ्याची पाठदुखी हे दोन वेगळे विषय मानू नयेत, असे आमचे ठाम मत आहे.

सरकारी कार्यालयांना नवीन काही शिकायची गरज नाही. सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे टेबलावरचे कागद कामाच्या स्थितीप्रमाणे सहा गठ्ठ्यांत लावायची पद्धत, आहेच. कागद किती काळ जपायचे याचे वर्गही ठरलेले आहेत. अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षांचा, ड वर्ग एक वर्षाचा, हे प्रत्येक लिपिकाला पाठ असते. अडते ते शेवटच्या गठ्ठ्यावर: ड वर्गाचे कागद नष्ट करायचे राहून जातात आणि पायाशी साचतात. खासगी कंपन्यांना हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे आणि जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. गठ्ठा बांधतानाच वरच्या पुठ्ठ्यावर जाड अक्षरात ‘नष्ट करण्याची तारीख’ लिहावी. प्रकरण कोर्टात असेल किंवा लेखापरीक्षण बाकी असेल, तर तारीख उलटली तरी हात लावू नये. बाकीचे नोंदवहीत नोंद करून, अधिकाऱ्याची सही घेऊन काढावेत.

नष्ट करण्यातही चुका होतात. घट्ट बांधलेला गठ्ठा जाळला तर कडा काळ्या पडतात, मधली पाने जशीच्या तशी वाचता येतात. धूर होतो तो वेगळाच. लांब पट्ट्या कापणारे स्वस्त श्रेडर तर घेऊच नये, कारण ओळ पट्टीच्या दिशेने आली की अख्खा खाते क्रमांक एका पट्टीवर शाबूत राहतो. आडवे-उभे कापणारे, म्हणजे क्रॉस-कट, पी-४ दर्जाचे यंत्र घ्यावे. त्याचा तुकडा जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटरचा असतो. यंत्रावर आठ कागदांची क्षमता लिहिली असेल तर पाच-सहाच घालावेत. पावसाळ्यात आणि कूलरच्या दमट हवेत कागद फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि तिथेच यंत्र अडकते. फाइलची नाडी, टाचण्या, लॅमिनेशन आधी काढावे. छोटी यंत्रे काही मिनिटे चालली की मोटर तापून आपोआप बंद पडते. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात आणखी लवकर. ते बिघाड नव्हे, अर्धा तास थांबावे. पात्यांना श्रेडरचेच तेल द्यावे, ज्वलनशील स्प्रे कधीही मारू नये, मोटरच्या ठिणगीने तो पेट घेऊ शकतो. ओढणी, पदर, गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी यंत्रापासून दूर हवी. यंत्र नसेल तर कागद फाडून रात्रभर बादलीत भिजवावेत आणि सकाळी हाताने लगदा करावा. थोड्या कागदांना हे पुरते.

पाठकोऱ्या कागदांबद्दल वेगळे सांगावे लागेल. काटकसर चांगलीच, पण रजेच्या अर्जामागे दुसऱ्या कुणाच्या पॅन कार्डची झेरॉक्स निघते तेव्हा ती काटकसर राहत नाही. वैयक्तिक माहितीचा कागद पाठकोऱ्यांच्या ढिगात जाताच कामा नये.

टेबलाखाली जागा झाली की मग बैठक नीट करता येते. साधारण टेबल ७५ सेंटीमीटर उंच असते. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्यांनी कोपर टेबलाच्या पातळीला येईल इतकी खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात, मांडीखाली कड रुतते आणि पाय सुजतात. सुताराकडून पाय नीट टेकतील इतक्या उंचीचा, किंचित उतरता पाट करून घ्यावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि पडदा हातभर लांब असावा. कागद पाहून नोंदी करणाऱ्यांची मान सर्वांत जास्त दुखते, कारण कागद डावीकडे आडवा पडलेला असतो आणि प्रत्येक ओळीला मान खाली-वर, डावी-उजवी होते. कीबोर्ड आणि पडदा यांच्या मधोमध तिरपा स्टँड ठेवला की हे थांबते. कूलरचा झोत सरळ डोळ्यांवर नको. पडद्याकडे पाहताना पापण्या आधीच कमी लवतात, त्यात डोळे अधिकच कोरडे होतात. दर २० मिनिटांनी सहा मीटर दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे.

प्रिंटर मुद्दाम दहा-पंधरा पावलांवर ठेवावा, म्हणजे अर्ध्या तासाने तरी उठणे होते. मात्र दूरच्या ट्रेमध्ये छापलेले कागद पडून राहतात. त्यासाठी बऱ्याच कार्यालयीन यंत्रांत पिन टाकल्यावरच छपाई होण्याची सोय असते, ती चालू करून घ्यावी. आणि खुर्चीतून उठताना विंडोजचे बटण आणि एल दाबून संगणक कुलूपबंद करावा.

अधिवेशनाच्या आधी कार्यालयांत नव्या कपाटांची मागणी होते. कार्यालयप्रमुखांना विनंती, या वेळी मागणीपत्रात आधी एक क्रॉस-कट यंत्र, कागद धरायचे स्टँड आणि पायाखालचे पाट लिहावेत.

– कार्यालयीन अभिलेखांचे काम पाहणारे काही वाचक, नागपूर