जिभेखालची गोळी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी एकतीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. गेल्या वर्षी चालताना छातीत कळ येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या. काचेची छोटीशी बाटली, आत इवल्याशा पांढऱ्या गोळ्या. नववीतल्या नातीने लेबल वाचले आणि धावतच आली, ‘‘आजी, नायट्रोग्लिसरीन! हे तर सुरुंगात घालतात!’’

तिचे खरेच होते. ट्युरिनच्या आस्कानियो सोब्रेरो यांनी १८४७ मध्ये ग्लिसरीन आणि आम्लांपासून हे तेलकट द्रव्य बनवले. किंचित चाखून पाहिले, तर डोके भयंकर ठणकू लागले. पुढे आल्फ्रेड नोबेल यांनी ते हाती घेतले. १८६४ च्या स्फोटात त्यांचा धाकटा भाऊ एमिल गेला. तरीही ते मागे हटले नाहीत. हे द्रव्य सच्छिद्र मातीत जिरवले की हाताळता येते, हे त्यांनी शोधले. तेच डायनामाइट.

पण मला जास्त मोलाची वाटते ती डोकेदुखी. ती कारखान्यातल्या कामगारांनाही होई, सुट्टीनंतर कामावर आले की हमखास. कारण हे द्रव्य रक्तवाहिन्या सैल करत होते. लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी त्याचे अगदी पातळ द्रावण आधी स्वतःच्या जिभेला लावून पाहिले, मग हृदयशूलाच्या रुग्णांना दिले आणि १८७९ मध्ये गुण आल्याचे प्रसिद्ध केले. १८९६ मध्ये खुद्द नोबेल यांनाच हे औषध सांगितले गेले. लोक घाबरू नयेत म्हणून त्याला ‘ट्रिनिट्रिन’ म्हणतात, असे त्यांनी आपल्या सहकाऱ्याला पत्रात लिहिले. शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. हाच वायू रक्तवाहिन्यांना सैल होण्याचा निरोप देतो, हे दाखवणाऱ्या तिघांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

‘‘मग गोळी फुटत कशी नाही?’’ नातीने विचारले. एका गोळीत जेमतेम अर्धा मिलिग्रॅम औषध, तेही दुग्धशर्करेत मिसळलेले. ते उडून जाते, प्लास्टिकलाही चिकटते. म्हणून गोळ्या मूळच्या काचेच्या बाटलीतच, झाकण घट्ट लावून ठेवायच्या. आता झाकण रोज तीच तपासते.

वर्गात मी मात्र इतकेच लिहून देत असे : ‘नायट्रोग्लिसरीन. उपयोग : स्फोटके.’ पुस्तकात तेवढेच होते. किती मुलांना मी या गोष्टीला मुकवले, याचे मला मनापासून वाईट वाटते. न चिकटणाऱ्या तव्यावरचे टेफ्लॉनही तसेच. १९३८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांच्या सिलिंडरमधून वायू येईना, पण वजन तर भरलेल्या सिलिंडरचेच. त्यांनी तो कापवला, आत पांढरी भुकटी निघाली, तेच टेफ्लॉन. वजन का करायचे, हे यापेक्षा चांगले कसे शिकवणार?

पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांना माझी विनंती आहे, प्रत्येक संयुगाच्या सूत्राखाली अशा चार ओळी द्याव्यात. आपणही विज्ञान पुरवणीत दर आठवड्याला एक संयुग घ्यावे. सुरुवात साखरेऐवजी वापरतात त्या सॅकरिनने करता येईल. सोब्रेरोंनी असले काही चाखलेच कसे, असे नात अजून विचारते आहे, आणि १८७९ मध्ये न धुतलेल्या हातांनी जेवायला बसल्यामुळे ज्यांना सॅकरिन सापडले त्या रसायनशास्त्रज्ञ फालबर्ग यांची हकिकत तिला अजून सांगायची आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका