प्रभावळीच्या कोरीवकामासाठी बिट निवडून देणाऱ्या काकांस

माशेल, गोवा

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आमच्या देव्हाऱ्याची फणसाच्या लाकडाची प्रभावळ संगणकनियंत्रित राउटरवर, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या यंत्रावर, कोरून पूर्ण झाली असून, तिला तेलाचा शेवटचा हातही देऊन झाला आहे. पत्रात नाव घालायचे नाही, असे आपण आधीच बजावून ठेवल्यामुळे हे आभार नावाशिवाय, पण उघडपणे मानत आहे. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत धातूचे साचे घडवण्यात आपली हयात गेली आणि लाकूड हा आपला प्रांत नव्हे, असे आपण आजही म्हणता. प्रत्यक्षात मात्र लाकूड कोरणाऱ्या बिटांविषयी, म्हणजे यंत्रात बसवायच्या फिरत्या पात्यांविषयी, मला जे नीट समजले आहे, ते आपल्याकडूनच.

बिटांचा मोठा संच विकत घेण्याचा माझा विचार ऐकून आपण प्रथम आराखडा मागवलात आणि नक्षीतली सर्वांत अरुंद खाच किती रुंद व किती खोल आहे, एवढेच विचारलेत. फिरणारे बिट गोल असल्याने आतला कोपरा त्याच्या त्रिज्येपेक्षा तीक्ष्ण निघू शकत नाही. म्हणून निवड त्या खाचेपासून सुरू करायची आणि मग मोठ्या बिटांकडे उलटे यायचे, ही आपली रीत. वेलीच्या दोन पानांमधली फट दीड मिलिमीटरची होती. त्यामुळे शेवटचे बिट १ मिमी टोकाचे लागणार, हे तिथेच ठरले.

एवढे बारीक बिट सरळ दांड्याचे घेतले, तर ते खोलीत शिरताच वाकते किंवा मोडते. व्यास निम्मा झाला की वाकणे १६ पट होते आणि कोलेटबाहेरची (बिट पकडून ठेवणाऱ्या चिमट्याबाहेरची) लांबी दुप्पट केली की ८ पट, हा आपण सांगितलेला हिशेब आता आमच्या भिंतीवर लिहिलेला आहे. त्यावरचा उपाय म्हणून आपण टेपर बॉल नोज, म्हणजे गोल टोकाचे निमुळते बिट, सुचवलेत : टोकाला १ मिमी आणि ३० मिमी लांबीत हळूहळू ६ मिमीपर्यंत जाड होत जाणारे. त्याच्या बाजूचा पावणेपाच अंशांचा कल खाचेच्या उभ्या भिंतींवरही उतरतो, पण पानाफुलांच्या उठावकामात तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

मला सर्वाधिक उपयोगी पडला तो वेळेचा हिशेब. ४०० बाय ३०० मिमीची फळी याच बारीक बिटाने ०.१ मिमीच्या स्टेपओव्हरने (शेजारच्या दोन फेऱ्यांमधील अंतराने) पूर्ण फिनिश करायची म्हटली, तर यंत्राला सुमारे १२०० मीटर चालावे लागते आणि मिनिटाला दीड मीटर या वेगाने त्याला तेरा तासांहून अधिक वेळ लागतो. आपण त्याऐवजी काम तीन बिटांत वाटून दिलेत. ६ मिमीच्या दोन धारांच्या एंड मिलने (सपाट टोकाच्या बिटाने) रफिंग, म्हणजे जाडसर कोरीवकाम, करून पृष्ठभागावर अर्धा मिलिमीटर लाकूड राखायचे. ३ मिमीच्या बॉल नोजने ०.३ मिमीच्या स्टेपओव्हरने सगळी फळी फिनिश करायची. आणि त्या बिटाला जिथे शिरता आले नाही, तेवढ्याच खाचांत टेपर बिट फिरवायचे. दोन फेऱ्यांमध्ये उरणाऱ्या उंचवट्याची उंची, म्हणजे स्टेपओव्हरचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, काढली तर बॉल नोजच्या बाबतीत ती ०.००७५ मिमी येते. फणसाच्या लाकडाची स्वतःची रंध्रेच त्याहून खोल असतात! पॉलिश पेपरचे काम खरोखरच नाममात्र उरले.

आमच्या सुतारशाळेत येऊन आपण स्क्रीनकडे न पाहता यंत्राखालचा भुसा चिमटीत घेऊन चोळलात, हे मला विशेष आठवते. भुकटी पडत असेल तर बिट कापत नाही, नुसते घासते आणि तापून बोथट होते. बारीक का होईना, छिलकाच पडला पाहिजे, असे आपण म्हणालात. १८,००० आरपीएम, दोन धारा आणि मिनिटाला १८०० मिमी फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) म्हणजे प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०५ मिमी लाकूड येते. फीड भीतीपोटी कमी करण्यापेक्षा एका फेरीची खोली कमी करावी, हा सल्ला अनुभवी सुतारांकडूनही मी ऐकला नव्हता. चार धारांची, धातू कापायची बिटे आपल्या खणात भरपूर असूनही, लाकडाचा भुसा त्यांच्या अरुंद खोबणींत अडकतो म्हणून ती आपण मला दिली नाहीत.

खालच्या पट्टीवरील ‘श्री’साठी ९० अंशांऐवजी ६० अंशांचे व्ही-बिट, म्हणजे व्ही आकाराच्या टोकाचे बिट, घ्यावे, हा आग्रहही आपलाच. चार मिलिमीटर रुंदीची रेघ ९० अंशांच्या बिटाने २ मिमी खोल जाते, तर ६० अंशांच्या बिटाने जवळजवळ साडेतीन मिमी. त्या जादा खोलीमुळे अक्षरात सावली धरते आणि समईच्या उजेडातही ते ठसठशीत दिसते. बाहेरची कड कापताना वरचे तंतू उचलले जाऊ नयेत म्हणून डाउनकट, म्हणजे भुसा खाली ढकलणारे, बिट वापरायचे, मात्र भुसा खाचेतच दाबला जात असल्यामुळे फेऱ्या उथळ ठेवायच्या, ही सूचनाही तंतोतंत पाळली. फणसाचे तंतू जागोजागी उलटसुलट वळतात, तरीही कड कुठे फुटली नाही.

पुढचे काम सागवानी दारांचे आहे. सागवानातील सिलिकामुळे धार लवकर जाते, असे आपण सांगितले होते. म्हणून त्यासाठी कार्बाइडचीच बिटे मागवली आहेत. आपण उसने दिलेले ३.१७५ मिमीचे कोलेट पुसून डबीत ठेवले असून, चवथीपूर्वी ते घरी आणून देईन. आपल्या वेळेबद्दल आणि विशेषतः न घ्यायला लावलेल्या त्या संचाबद्दल मनःपूर्वक आभार.

आपली नम्र,
माशेलची सुतारकन्या